ज्याचे त्याला अर्पण

कोल्हापूरहून पश्चिमेला निघालेला रस्ता सुमारे पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला पोहोचतो आणि तेथेच देश संपून कोकण सुरू होते. एकीकडे करूळचा घाट वैभववाडीकडे उतरतो, दुसरीकडे भुईबावड्याचा घाट खारेपाटणच्या दिशेने जातो. पावसाळ्याचे चार महिने हे गाव ढगांतच असते. गावाच्या डोक्यावर उभा असलेला गगनगड शिलाहार राजा भोज दुसरा याने बांधविला, असे मानले जाते. आज गडावर येणारे बहुतेक लोक गगनगिरी महाराजांच्या मठात दर्शनासाठी येतात. नारळ वाढवितात, प्रसाद घेतात, दरीकडे क्षणभर पाहतात आणि परततात.

या गावाशी जोडलेले आणखी एक नाव आहे. कोल्हापूर संस्थानच्या प्रमुख जहागिरींपैकी एक असलेली बावड्याची जहागीर ज्या घराण्याकडे होती, त्या पंत अमात्य बावडेकरांच्या घराण्याचे कीर्तिमान पुरुष म्हणजे रामचंद्र नीलकंठ, अर्थात रामचंद्रपंत अमात्य. इतिहासाच्या पुस्तकांत 'हुकूमतपनाह' या पदवीने आणि 'आज्ञापत्र' या ग्रंथाच्या कर्तृत्वाने ते ओळखले जातात. छत्रपती शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, महाराणी ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी आणि राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी अशा पाच छत्रपतींच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. एवढ्या दीर्घ राजसेवेचा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला.

देवापुढे काही ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. शेतातले पहिले कणीस, गायीचे पहिले दूध, मुलाची पहिली कमाई देवापुढे ठेवली जाते. ज्याने दिले त्यालाच ते आधी दाखवायचे आणि मग आपण घ्यायचे, हा त्यामागचा भाव. कणीस, दूध आणि पैसा देणे त्या मानाने सोपे असते. देवाने दिलेली बुद्धी, नशिबाने हाती आलेला अधिकार आणि आयुष्यभराचा अनुभव या गोष्टी परत देण्याची वेळ येते, तेव्हा मोठमोठ्यांची मूठ वळते. रामचंद्रपंतांच्या आयुष्यात ही वेळ पुन्हा पुन्हा आली. त्यांनी प्रत्येक वेळी काय केले, हे पाहणे आजही बोधप्रद ठरावे.

कोळवणचे घराणे

रामचंद्रपंतांचा जन्म सुमारे १६५० मधला. घराणे देशस्थ ब्राह्मणांचे, बहुतकर आडनावाचे, उत्तर कोकणातील कल्याण-भिवंडीजवळच्या कोळवणचे. वडील नीळकंठ सोनदेव, म्हणजेच निळो सोनदेव, हे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या विश्वासू कारभाऱ्यांपैकी होते. वसुलीच्या साध्या कामापासून चढत चढत ते मुजुमदाराच्या पदापर्यंत पोहोचले. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याणच्या स्वारीमुळे सर्वांना ठाऊक आहे.

या घराण्याचा समर्थ रामदासांशी निकटचा संबंध होता, अशी परंपरा आहे. निळोपंतांच्या या धाकट्या मुलाचे नाव समर्थांच्या इच्छेने रामचंद्र ठेवले गेले, असेही सांगितले जाते. परंपरेतील तपशिलाची खातरजमा करणे कठीण असले, तरी या घरातील वातावरण कोणत्या वळणाचे होते ते त्यावरून कळते. जमाखर्च चोख ठेवणे आणि उपासना नित्य करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच निष्ठेने होत असावीत. हिशेबनीसाला एक गोष्ट लहानपणापासून कळते. त्याच्या हातून लाखो होन जातात, पण त्यातला एकही त्याचा नसतो. पुढच्या आयुष्यात रामचंद्रपंतांना हा धडा उपयोगी पडला.

वडिलांच्या मागे १६७२ मध्ये मुजुमदारीचे काम नारायण आणि रामचंद्र या दोघा भावांकडे आले. दोनच वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली आणि मुजुमदाराचे 'अमात्य' झाले. हे पद रामचंद्रपंतांना मिळाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीसच्या आसपास होते. अष्टप्रधानांमध्ये ते सर्वांत तरुण होते. राज्याचा जमाखर्च तपासणे, महाल-परगण्यांचे हिशेब पाहणे आणि त्यावर आपले चिन्ह करणे हे अमात्याचे काम. पुढे संभाजी महाराजांच्या काळातही त्यांच्याकडे कारभारातील निरनिराळी कामे होती. १६८५ मध्ये विजापूर दरबाराशी नाजूक बोलणी करण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले होते. त्यानंतर वर्षभरातच औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा. दक्षिणेत आता मराठ्यांचे राज्य तेवढे उरले होते.

राज्य हाती आले, राजा दूर गेला

१६८९ हे वर्ष मराठी राज्याच्या इतिहासातील सर्वांत कठीण वर्ष म्हणावे लागेल. फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. राजाराम महाराजांना गादीवर बसविण्यात आले. पण रायगडाभोवती मोगली वेढा आवळत होता. महाराणी येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज गडाबाहेर पडले, प्रतापगड आणि पन्हाळा असे करीत शेवटी शेकडो मैल दूर तमिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्याकडे निघाले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले.

राजा जिंजीला आणि राज्य महाराष्ट्रात, अशी ही विलक्षण स्थिती होती. मधल्या मुलखात मोगलांच्या फौजा पसरलेल्या. राजाची आज्ञा घेण्यासाठी जासूद पाठवावा, तर तो परत येईपर्यंत महिने उलटायचे; कित्येकदा तो परत येतही नसे. म्हणून निघण्यापूर्वी राजाराम महाराजांनी महाराष्ट्राचा सारा कारभार रामचंद्रपंतांच्या हाती सोपविला आणि त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब दिला. राज्याच्या हुकमतीचा आधार, असा त्याचा आशय. फौजा पाठविणे, किल्लेदार नेमणे, मुलखाचा वसूल ठरविणे, सरदारांना बक्षिसे देणे असे जवळजवळ राजाइतकेच अधिकार त्यांच्याकडे आले. शंकराजी नारायण सचिव हे त्यांचे सहकारी. त्यांच्याच हाताखाली परशुराम त्र्यंबक पुढे आले, ज्यांनी पन्हाळा परत घेतला आणि नंतर प्रतिनिधिपद भूषविले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या दोन सेनानींच्या पराक्रमाला मनुष्यबळ, दाणागोटा आणि पैसा पुरविण्याची जबाबदारीही याच कारभारावर होती.

खजिना रिकामा होता. ज्या मुलखातून वसूल यायचा, तेथे एकाच हंगामात मोगलांचा आणि मराठ्यांचा असा दुहेरी वसूल होत असे. औरंगजेब मराठा देशमुखांना आणि सरदारांना मनसबी व वतनांची लालूच दाखवीत होता. घरचा माणूस सकाळी आपला, तर संध्याकाळी शत्रूचा होत असे. अशा काळात विशाळगड आणि पन्हाळ्याच्या परिसरातून रामचंद्रपंतांनी माणसे टिकवून ठेवली, गेलेली परत आणली, पडलेले किल्ले पुन्हा घेण्याच्या मोहिमा आखल्या. रणांगणावरच्या विजयांची गाणी झाली. दाणागोटा वेळेवर पोहोचविण्याची गाणी होत नाहीत. तरीही तो पोहोचला म्हणून औरंगजेबाला पुन्हा दिल्ली दिसली नाही, हे इतिहासाचे अभ्यासक मान्य करतात.

परत करण्याचा क्षण

रामचंद्रपंतांच्या चरित्रातील या आठ-नऊ वर्षांच्या कर्तबगारीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतर जे घडले त्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. जानेवारी १६९८ मध्ये जिंजी मोगलांच्या हाती पडली. राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटले आणि वेलोरमार्गे महाराष्ट्रात परतले. विशाळगडावर राजा आणि त्याचा हुकूमतपनाह यांची भेट झाली. सुमारे नऊ वर्षे ज्याच्या शब्दावर सारा महाराष्ट्र चालला, तो पुन्हा छत्रपतींचा अमात्य म्हणून उभा राहिला. साताऱ्याला राजधानी हलली, राजाराम महाराजांनी कारभार हाती घेतला आणि रामचंद्रपंत आपल्या जागी राहिले.

यात विशेष ते काय, असे आज वाटू शकेल. त्यासाठी दक्षिणेचा त्याआधीचा इतिहास आठवावा लागतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी सुलतानांनी ज्यांच्या हाती सुभे सोपविले, त्याच सरदारांनी ते सुभे आपलेच म्हणून ठेवून घेतले आणि त्यातून विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा अशी पाच राज्ये निर्माण झाली. रामचंद्रपंतांनंतर काही वर्षांनी, १७२४ मध्ये, मोगल बादशहाचा वजीर राहिलेल्या निजामुल्मुल्काने दक्षिणेतील सुभेदारीचे रूपांतर प्रत्यक्षात स्वतंत्र राज्यात केले. मधला मुलूख हाती, फौज हाती, खजिना हाती आणि मालक दूर, अशा स्थितीत ठेव गिळंकृत करणे ही त्या काळची रीतच होती. रामचंद्रपंतांकडे तर किल्ले होते, सरदारांचा विश्वास होता आणि औरंगजेबासारखा गिऱ्हाईकही होता. त्यांनी शत्रूशी सौदा केला नाही आणि स्वतःचे राज्यही मांडले नाही. सांभाळायला दिलेले राज्य, जमेल तेवढे वाढवून, त्यांनी ज्याचे त्याला परत केले.

शिवाजी महाराजांनी आपले सारे राज्य समर्थांच्या झोळीत टाकले आणि समर्थांनी ते ईश्वराचे म्हणून चालविण्यासाठी परत दिले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तिच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात सांगितलेला भाव ज्याच्या व्यवहारात कागदोपत्री दिसतो, असा माणूस त्याच राज्यात पुढच्याच पिढीत होऊन गेला, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

दोन गाद्यांचा पेच

रामचंद्रपंतांना निष्कलंक संत म्हणून रंगविणे मात्र योग्य होणार नाही. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाला आणि राज्याचा वारस कोण हा प्रश्न उभा राहिला. महाराणी ताराबाईंना आपला मुलगा शिवाजी गादीवर हवा होता. कैदेत असलेला संभाजीपुत्र शाहू हाच खरा वारस, याकडे रामचंद्रपंतांचा कल होता, असे मानले जाते. ताराबाईंनी परशुराम त्र्यंबकांना जवळ केले आणि रामचंद्रपंतांचा प्रभाव काही काळ ओसरला. तरीही त्यांनी औरंगजेबाविरुद्धच्या लढ्यात अंतर पडू दिले नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहूची सुटका झाली आणि घरातच युद्ध पेटले. त्या काळच्या कारभाऱ्यांवर केवढा ताण होता ते शंकराजी नारायण सचिवांच्या शेवटावरून कळते. ताराबाईंना दिलेले वचन आणि शाहूचा हक्क यांच्या कात्रीत सापडून त्यांनी स्वतःचे आयुष्य संपविले, असे सांगितले जाते. ज्यांनी मोगलांपुढे मान तुकविली नाही, त्यांना आपल्याच माणसांमधील निवड पेलवली नाही.

रामचंद्रपंत कोल्हापूरच्या गादीबरोबर राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झाले. ताराबाई आणि त्यांचे पुत्र नजरकैदेत गेले आणि राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. या घटनेमागे रामचंद्रपंतांचे पाठबळ होते, असे इतिहासकार मानतात. राज्याच्या हितासाठी हे आवश्यक होते की दरबारी राजकारणाचा तो भाग होता, यावर एकमत होणे कठीण आहे. सत्ता परत करणारा हा माणूस सत्तेच्या खेळापासून पूर्ण अलिप्त राहू शकला नव्हता, एवढे मात्र खरे.

शेवटची ठेव

नवे छत्रपती तरुण होते आणि अमात्यांचे वय पासष्टीच्या घरात गेले होते. या टप्प्यावर बहुतेक माणसे मुलाबाळांची सोय लावतात, मिळविलेले राखण्याची तजवीज करतात. रामचंद्रपंतांनी ते केले नसेल असे नाही. पण १७१५ मध्ये त्यांनी आणखी एक काम केले. पाच छत्रपतींच्या राजवटींत जे पाहिले, जे चुकले आणि जे साधले, ते सारे त्यांनी संभाजी छत्रपतींच्या नावाने एका आज्ञेच्या रूपात लिहून ठेवले. हेच 'आज्ञापत्र'. ग्रंथावर कर्ता म्हणून स्वतःची प्रौढी नाही. आज्ञा राजाची, नाव राजाचे, अनुभव मात्र अमात्याचा.

आज्ञापत्राच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांपासूनचा इतिहास येतो आणि त्यानंतर राजाचे कर्तव्य. त्या विवेचनाचा पायाच ईश्वरार्पणाचा आहे. प्रजा ही ईश्वराची, तिचे रक्षण व्हावे म्हणून ईश्वराने राजाला अधिकार दिला. त्या अधिकारात कुचराई झाली तर जाब ईश्वरालाच द्यावा लागेल, अशी त्याची धारणा आहे. राज्य ही राजाची मिळकत नसून त्याच्याकडे सोपविलेली ठेव आहे, असा याचा अर्थ होतो. हुकूमतपनाह म्हणून नऊ वर्षे दुसऱ्याची ठेव सांभाळलेल्या माणसाने आता राजालाही सांगितले, की तुझ्या हातातील सत्तासुद्धा तुझी नाही. प्रधान हा राजमदावरचा अंकुश आहे, हे सांगतानाही त्यांनी भीड ठेवलेली नाही.

पुढील प्रकरणांचा आवाका थक्क करणारा आहे. सावकार आणि व्यापारी यांना राज्यात मान द्यावा, त्यांना बाहेरून आणून बंदरे आणि पेठा वसवाव्यात, कारण त्यांच्यामुळेच संकटकाळी कर्जाऊ पैसा उभा राहतो आणि राज्याला शोभा येते. इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच या टोपीकरांना सामान्य व्यापारी समजू नये. त्यांच्या मागे राजे आहेत, त्यांना मुलखाची हाव आहे, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर त्यांना जागा देऊ नये. प्लासीची लढाई झाली १७५७ मध्ये. म्हणजे बेचाळीस वर्षे आधी एका मराठी कारभाऱ्याने हा धोका लिहून ठेवला होता. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे आणि ज्याचे आरमार त्याचाच समुद्र, हेही तेथेच सांगितले आहे. करूळच्या किंवा भुईबावड्याच्या घाटमाथ्यावरून स्वच्छ दिवशी खालचे कोकण पाहिले, की घाट आणि बंदर यांचा एकत्र विचार करणे या मुलखातील कारभाऱ्याला किती स्वाभाविक होते ते ध्यानात येते.

गडकोटांचे प्रकरण तर एखाद्या अनुभवी किल्लेदाराने लिहावे तसे आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत. एकच दरवाजा असू नये, चोरदिंड्या ठेवाव्यात. रस्त्यात आणि घरांजवळ केरकचरा पडू देऊ नये. तो जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तीवर भाजीपाला पिकवावा. साम्राज्याशी लढलेल्या माणसाला अखेरच्या लिखाणात परसातल्या भाजीची आठवण राहिली.

आंब्या-फणसाची झाडे

आज्ञापत्रातील सर्वांत हृद्य भाग झाडांविषयीचा आहे. आरमाराला लाकूड लागते. त्यासाठी सागवानासारखी झाडे जंगलातून परवानगीने तोडावीत, कमी पडल्यास दुसरीकडून विकत आणावीत. आंबा, फणस ही झाडेही लाकडाच्या दृष्टीने कामाची आहेत. पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही आणि असे दुःख देऊन केलेले काम करणाऱ्यासह लयाला जाते. एखादे झाड जीर्ण होऊन उपयोगी राहिले नसेल, तर धन्याला राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी मुळीच करू नये.

यातील 'संतोषाने' ही अट महत्त्वाची आहे. सरकारला हवे ते घेण्याची ताकद अमात्याला पुरेपूर ठाऊक होती, कारण ती त्याने स्वतः वापरली होती. तरीही, मनाविरुद्ध घेतलेले दान राज्याला पचत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. देवाच्या दारी जी कसोटी लावली जाते, तीच त्यांनी सरकारी कोठाराला लावली. देणाऱ्याचे मन राजी नसेल तर दिलेले ओझे ठरते. स्वतः दुसऱ्याची ठेव राजीखुशीने परत केलेल्या माणसाच्या लेखणीतून हा नियम उतरला आहे, म्हणून त्याला वजन आहे.

वतनाची गाठ

याच ग्रंथात अमात्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी विसंगतीही दडलेली आहे. वतनदार हे राज्याचे लहान-लहान वाटेकरीच असतात, त्यांना असलेल्यावर समाधान नसते, संधी मिळताच ते शत्रूला जाऊन मिळतात, हे त्यांनी परखडपणे लिहिले. वतनदारांना फार लाडावू नये आणि विनाकारण छळूही नये, असा मध्यममार्ग त्यांनी सुचविला. चाकरीबद्दल वंशपरंपरेने जमीन तोडून देऊ नये. वेतन वाढवावे, बक्षीस द्यावे, मान द्यावा, कारण जमीन दिली की राज्य तेवढे कमी होते, असे त्यांचे मत. धर्मकार्यासाठी दिलेली भूमी त्यांनी यापासून वेगळी मानली.

राजाराम महाराजांच्या काळात फुटू पाहणाऱ्या सरदारांना राखण्यासाठी वतने आणि सरंजाम द्यावे लागले होते. शिवकालीन शिस्त त्या वेळी सैल झाली आणि त्या कारभाराचे प्रमुख स्वतः रामचंद्रपंतच होते. निरुपायाने जे केले त्याचे परिणाम डोळ्यांनी पाहिल्यावर, पुढच्या पिढीने तसे करू नये असे त्यांनी लिहून ठेवले. आपली चूक आपल्याच हाताने राजाच्या आज्ञेत नोंदविणे हे सोपे काम नव्हे. पण त्याच वेळी त्यांचे स्वतःचे घराणेही वंशपरंपरागत जहागीरदार बनले. बावड्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात राहिली. त्यांनी जे इतरांसाठी नाकारले, ते त्यांच्या वंशजांना मिळाले. मूठ उघडणाऱ्या माणसाचीही एखादी मूठ बंद राहते, हे त्यांच्या चरित्रातील सत्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही.

उरले ते दिलेले

आज्ञापत्र लिहून झाल्यानंतर थोड्याच काळात, १७१६ च्या फेब्रुवारीत, रामचंद्रपंतांचे पन्हाळ्यावर निधन झाले. तेथे त्यांची समाधी आहे. पन्हाळा पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांपैकी थोडेच तिकडे वळतात.

त्यानंतर बावड्याच्या जहागिरीने दोनशेहून अधिक वर्षे पाहिली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या अनेक पिढ्या, इंग्रजांचा अंमल आणि देशाचे स्वातंत्र्यही तिने पाहिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे जहागिरीही कायद्याने संपुष्टात आल्या. राखून ठेवलेली जमीन अशी हातची गेली. यात दुःख करण्यासारखे काही नाही; जमिनीचे असेच होते, हे अमात्यांनी वतनांबद्दल लिहिताना जाणलेच होते.

आज्ञापत्र मात्र टिकले. एकोणिसाव्या शतकात ते छापले गेले, १९२९ मध्ये पुणतांबेकरांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि मराठी गद्याचा तसेच राज्यशास्त्राचा महत्त्वाचा ग्रंथ म्हणून ते आजही अभ्यासले जाते. झाडे वाचविण्याची चळवळ करणारे त्यातील आंब्या-फणसाच्या उताऱ्याचा दाखला देतात. गडकिल्ल्यांवर भटकणारे तरुण त्यातील पाण्याच्या टाक्यांचे नियम आठवतात. नौदलाच्या इतिहासकारांना आरमाराचे प्रकरण महत्त्वाचे वाटते. तीनशे वर्षांपूर्वी एका वृद्ध कारभाऱ्याने आपल्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू, म्हणजे आयुष्यभराचे शहाणपण, एका तरुण राजापुढे ठेवले. त्यावर स्वतःची मालकी सांगितली नाही आणि बदल्यात काही मागितल्याची खूणही त्या ग्रंथात नाही.

शहरातील नोकरदार माणसालाही अधिकाराची खुर्ची सोडण्याची वेळ कधी ना कधी येते. कोणी संस्थेचे अध्यक्षपद मुलाकडे सोपवितो, कोणी निवृत्तीनंतरही कचेरीचा उंबरठा झिजवत राहतो, कोणी जमविलेले ज्ञान आपल्याबरोबरच नेतो. हातचे सोडताना मन राजी ठेवणे हे देवळात नारळ वाढविण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. रामचंद्रपंतांना ते प्रत्येक वेळी साधले असे नाही. पण १६९८ मध्ये राज्य आणि १७१५ मध्ये अनुभव, या दोन सर्वांत मोठ्या प्रसंगी ते साधले.

गगनबावड्याला पाऊस सुरू झाला, की घाटमाथ्यावर पडलेल्या पाण्याचे दोन भाग होतात. काही पूर्वेकडे वाहत पंचगंगेला मिळते आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. काही कड्यावरून थेट कोकणात कोसळून अरबी समुद्राला मिळते. कोणत्याही वाटेने गेले, तरी जेथून आले त्या समुद्रालाच ते परत जाते. पंत अमात्यांच्या बावड्याला मात्र वर्षानुवर्षे त्या पाण्याची हिरवळ लाभली आहे.